पुष्प सातवे : दुधाचं ऋण



बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप हो, सेवेला घेतलेला अभंग टाळकऱ्यांनी आत्ताच चालीवर म्हटला. पांडुरंगाला आई म्हणणारा अभंग आहे. तुमच्या सगळ्यांच्या पाठ आहे, म्हणून शब्दार्थात फार वेळ घालवत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की आपण वारकरी देवाला बाप कमी आणि आई जास्त का म्हणतो? विठाई म्हणतो, विठूमाउली म्हणतो. ज्ञानोबाराय वयानं लहान, पण आपण त्यांना माउलीच म्हणतो. वारीत धक्का लागला तर अनोळखी माणसालाही 'माउली, जरा सरका' म्हणतो. का बरं?

बाप लहान आहे का? नाही. पण बापाचं प्रेम कळायला थोडी अक्कल यावी लागते. आईचं प्रेम कळायला काहीच लागत नाही. डोळे नीट उघडायच्या आधी लेकराला तिची ऊब कळते. त्याला शब्द येत नाही, मागता येत नाही, तरी दूध मिळतं. ती स्वतः उपाशी असली तरी मिळतं. आणि त्या दुधाची तिनं कधी पावती फाडली नाही. आज मी त्या दुधाच्या ऋणाबद्दल बोलणार आहे. आणि ते दूध जिथून आलं, त्या अवयवाला होणाऱ्या आजाराबद्दल बोलणार आहे. स्तनाचा कर्करोग. दवाखान्यात ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात तो.

बघा, नाव घेतल्याबरोबर दोन-चार जणींनी पदर सारखा केला. पुरुष मंडळी खाली बघायला लागली. महाराज कीर्तनात हे काय बोलायला लागले? मायबाप हो, खरं दुखणं इथंच आहे. ज्याच्यावर आपण वाढलो त्याचं नाव घ्यायला आपल्याला लाज वाटते, आणि त्या लाजेपायी आपल्या आया मरतात. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये आज हाच पहिल्या क्रमांकावर आहे. मग कीर्तनात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

(नामगजर)

आता पुंडलिकाची कथा घ्या. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही त्याच्याच गावाला निघालेले. आधी आईबापाला छळणारा पुंडलिक, मग डोळे उघडले आणि सेवेला लागला. इतका लागला की साक्षात भगवंत दारात आला तरी हात सोडवला नाही. मागं वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात, अजून थांबलाय. 

यात ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. पुंडलिकानं देवाला थांबवलं, आईला थांबवलं नाही. आणि आपण काय करतो? बरोबर उलट. आईला म्हणतो थांब. उसाचं बिल येऊ दे, मग दवाखाना बघू. पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. एवढी आषाढी होऊ दे, मग बघू. आणि ती माउली थांबते. थांबायची सवयच आहे तिला. सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवणारी ती, दुखण्यालाही सगळ्यांच्या मागून नंबर लावते. पण आजार थांबत नाही, बरं का! तो काही विटेवर उभा राहत नाही.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला सांगत नाही. यात मी स्वतः गुन्हेगार आहे. पांडुरंगापुढं उभा आहे, लपवत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. एका गावी सप्ताहात माझं कीर्तन होतं. गावाच्या दिंडीत एक ताई दरसाल डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. नाव सांगत नाही. काल्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्या बिऱ्हाडी आल्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला. हळूच म्हणाल्या, "महाराज, छातीत गाठ आलीय. दुखत नाही. काय करावं?" मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दुखत नाही ना? मग भ्यायचं कशाला? नाम घ्या, माउलीवर भार टाका." कपाळाला बुक्का लावला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मला वाटलं, मी मोठा उपदेश केला.

पुढच्या सप्ताहाला गेलो तर तुळस दुसरीच्या डोक्यावर. चौकशी केली, घरी गेलो. गाठ फुटली होती. तो हात सुजला होता. माझ्याकडं बघून ती माय रागावली नाही. फक्त म्हणाली, "महाराज, मी तुमच्याकडं औषध मागायला आले नव्हते. मालक तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना एक शब्द सांगाल, हिला दवाखान्यात न्या म्हणून, तेवढ्यासाठी आले होते."

मायबाप हो, हजारांनी कीर्तनं केली, पण त्या दिवशी मला बोलता आलं नाही. तिनं नाम मागितलं नव्हतं. नाम तर तिच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त होतं. तिनं माझा एक शब्द मागितला होता. मी उपदेश दिला. मागणाऱ्याला काय पाहिजे हे न ऐकता जे देतो ते दान नव्हे. तो आपला मोठेपणा आहे.

पुढं काय झालं ते सांगतो. मालकांनी दारची दुभती म्हैस विकली. घरचं दूध विकलं म्हणा ना. मुंबईला नेलं. सरकारी योजनेत उपचाराचा मोठा भाग बसला. पण योजना गाडीभाडं देत नाही. सोबतच्या माणसाचं जेवण देत नाही. बुडालेली रोजंदारी देत नाही. पहिले चार दिवस मालक फुटपाथवर झोपले. सलाईनमधून औषध द्यायचं, ज्याला किमो म्हणतात, ते एकवीस-एकवीस दिवसांनी. प्रत्येक वेळी जायचं, यायचं. मग शस्त्रक्रिया. मग शेक. शेक म्हणजे रेडिएशन. तो काही आठवडे लागतो आणि आठवड्यातले पाच दिवस रोज जावं लागतं. गावाकडचं माणूस त्या शहरात रोज राहणार कुठं? इथं बाया उपचार अर्धा टाकून घरी येतात. औषध नाही म्हणून नाही, बाबांनो. राहायला जागा नाही म्हणून.

त्या ताईंचं टळलं, कारण गाव जागं झालं. सप्ताह कमिटीनं शिल्लक रक्कम दिली. मी माझी पाकिटं दिली. ते दान नव्हतं, दंड होता. तीन वर्षं त्या जगल्या. एक आषाढी वारी केली, थोडी चालत, थोडी ट्रकमध्ये बसून. गेल्या तेव्हा मुखात नाम होतं. पण मला माहीत आहे, ती गाठ पहिल्या वर्षी दाखवली असती तर वारी कदाचित आणखी कितीतरी झाल्या असत्या. 

(येथे महाराज काही वेळ थांबले. विठ्ठल विठ्ठल असा गजर झाला.)

आता कोणी म्हणेल, महाराज, मग नाम खोटं का? नाही, नाम खोटं नाही. तहान लागलेल्याला आपण पाणी देतो ना? का त्याला म्हणतो, पाणी नको, नाम घे? नाथबाबांचं चरित्र आठवा. उत्तरेतून गंगेची कावड खांद्यावर घेतलेली, रामेश्वराला वाहायची. केवढी वाट, केवढे कष्ट! आणि वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात ओतली. बरोबरच्यांना वाटलं, यात्रा फुकट गेली. नाथांना वाटलं, रामेश्वर वाटेतच भेटायला आला. 

माझ्या यात्रेकरू बापांनो, तुमच्याही खांद्यावर कावड आहे. कोणी नवस बोललाय, कोणी पंगत बोललाय, कोणी चांदीचा मुकुट, कोणी सभामंडपाची फरशी. करा, देवाचं जरूर करा. पण वाटेत कोणी तडफडत असेल तर कावड उघडायचं धाडस ठेवा. देवाला त्या पाण्याचा हिशेब कळतो.

मग द्यायचं काय आणि कसं? नुसतं 'दान करा' म्हणून भागत नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिलं दान शब्दाचं. मी ज्यात चुकलो ते. घरातल्या बाईला विचारा. बहिणीनं बहिणीला विचारावं, सुनेनं सासूला विचारावं. छातीत किंवा काखेत गाठ लागणं, कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, ही खूण दिसली तर दुखायची वाट बघायची नाही. सुरुवातीला ती गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्या आजाराची फसवणूक आहे. घाबरायचंही नाही; बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण साधी का कशी, हे डॉक्टर ठरवतील. मी नाही, मांत्रिक नाही, शेजारीण नाही. तीस वर्षांवरच्या बाईची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करायची सोय आहे. आणि हो, हा आजार क्वचित पुरुषालाही होतो. 

याचा उपयोग होतो का? मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे, 1941 साली उघडलेलं. तिथल्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दोन-दोन वर्षांनी जाऊन नुसत्या हातानं तपासणी करायच्या. मोठं यंत्र नाही, काही नाही. 2021 साली निकाल छापून आला. आजार लवकरच्या पायरीवर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. शिकलेले दोन हात आणि विचारणारं तोंड, एवढ्यानं झालं हे! गावच्या सप्ताहात एक दिवस अशा तपासणीचा ठेवायला किती खर्च येतो? मांडव तर घातलेलाच असतो.

दुसरं दान निवाऱ्याचं आणि वाटखर्चाचं. इथं गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, आणि देवळात न जाता देवळाबाहेरचा रस्ता झाडणारा हा साधू. स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, पण पंढरपुरात, आळंदीत, देहूत, नाशकात, मुंबईत दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. भुकेल्याला अन्न सांगितलं, तसं रोग्याला औषध सांगितलं आणि खचलेल्याला हिंमत सांगितली. 1956 साली बाबा गेले. पण आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत जाऊन बघा. कुठून कुठून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथं राहतात. केस गेलेल्या बाया एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवताना दिसतील. मला तर ते पंढरीचं वाळवंटच वाटतं. जात नाही, भाषा नाही, सगळ्या एकाच दिंडीत.

आणि सगळं मुंबईलाच आहे असं नाही. एकादशी पंढरपुरात करून द्वादशीला बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला जाणारे तुमच्यात असतील. त्या बार्शीत कॅन्सरचं रुग्णालय आहे. खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची रीतसर नोंद ठेवायचं काम देशात पहिल्यांदा त्या बार्शीत सुरू झालं, 1987 साली. दर्शनाला जाता, तसं तिथंही डोकावून या.

तिसरं दान माहितीचं. याला पैसा लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचे कागद कसे करायचे ते एखाद्या अडाणी जोडप्याला समजावून सांगा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना आपल्या राज्यात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना भाड्यात मोठी सवलत आहे, सोबतच्या माणसालाही आहे. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथं जाऊन बसायचं आणि अडचण सांगायची. गावातल्या कॉलेजच्या पोराला म्हणा, बाळा, एक दिवस या काकूंबरोबर जा. त्याची ती वारीच झाली.

चौथं दान अंगाचं. रक्त द्या. उपचार चालू असताना पुष्कळ रुग्णांना रक्त लागतं. केस देता येतात, त्यांचे टोप करून अशा बायांना देणाऱ्या संस्था आहेत. देवाला आपण केस वाहतोच की. शस्त्रक्रियेत ज्यांचा स्तन काढावा लागतो त्यांच्यासाठी सुती धाग्याचा मऊ, हलका, कापूस भरलेला स्तन विणून देणाऱ्या बायकाही आहेत. तुम्ही टोपडी विणता, रुखवताचे रुमाल विणता. हेही शिकून घ्या. ज्या बाईला चारचौघांत पदर सारखा सावरावा लागतो, तिला तो हातात मिळाला की ती मान वर करून चालते. तिची मान वर करणं म्हणजे देवळावर कळस चढवण्यासारखं आहे, असं मी समजतो.

आता पैशाचं. पैसा द्या, पण डोळे उघडे ठेवून द्या. मोबाईलवर कोणाचाही रडवणारा फोटो येतो आणि खाली पैसे पाठवायचं चित्र असतं. खात्री केल्याशिवाय पाठवू नका. नोंदलेल्या संस्थेला द्या, नाहीतर रुग्णालयात त्या रुग्णाच्याच नावावर भरा आणि पावती घ्या. माझ्या हातात देऊ नका. फेटा घातला म्हणून माणूस हिशेबातून सुटत नाही. आणि एकदाच हजार देऊन विसरण्यापेक्षा दर महिन्याला शंभर द्या. हा आजार एका दिवसाचा नसतो. शेक संपल्यावरही अनेकींना पाच-पाच वर्षं रोज गोळी घ्यावी लागते. गाव पहिल्या महिन्यात भेटायला येतं, केळी आणतं. सहाव्या महिन्यात कोणी येत नाही. तुम्ही सहाव्या महिन्यात जा.

आणि देताना तिचा फोटो काढू नका. चेक हातात देऊन, हार घालून, पेपरात छापून आणू नका. तिनं आधीच पुष्कळ उघडं केलंय. डॉक्टरांपुढं केलं, यंत्रापुढं केलं. आता आपल्या दानासाठी तरी तिला उघडं पाडू नका. आईनं दूध पाजलं ते पदराखाली. तसंच द्या, पदराखाली.

अजून एक. तिला विचारू नका की कुठल्या जन्माचं पाप भोगतेस. असं बोलणाऱ्याला नरकात जायला दुसरं पाप करावं लागत नाही! हा आजार पाप नाही, शाप नाही, शिवल्यानं होत नाही. तिच्या ताटात जेवा. तिच्या हातचा चहा घ्या. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हाताला सूज यायची भीती असते, म्हणून पाण्याचा हंडा मात्र तुम्ही उचला. जनाबाईच्या जात्याला देवानं हात लावला म्हणतात. तुम्ही हंड्याला लावा.

हे कीर्तन रेकॉर्ड होतंय, पुस्तकात येईल म्हणतात. म्हणून जी माउली हे दिंडीच्या मुक्कामात कंदिलाशेजारी किंवा घरी देवापुढं बसून वाचत असेल, तिला सांगतो. बाई, तुला स्वतःलाच काही लागलं असेल आणि तू कोणाला बोलली नसशील, तर पुस्तक खाली ठेव. आजच घरात सांग. घरात ऐकणारं कोणी नसेल तर आशाताईला सांग, भजनातल्या मैत्रिणीला सांग. वारी चुकली तर देव रागवायचा नाही. ज्याला पुंडलिकानं थांबवलं तो तुझ्यासाठीही थांबेल. आणि वाचणारा पुरुष असेल तर बाबा, तुझ्या तोंडचा एक शब्द कोणीतरी मागायला येईल. माझ्यासारखा बुक्का लावून परत पाठवू नकोस.

या गावच्या कमिटीनं आज सकाळी ठरवलंय. काल्याच्या पंगतीत एक गोड पदार्थ कमी करायचा, आणि तो पैसा आपल्याच तालुक्यातल्या अशा रुग्णांच्या गाडीभाड्याला बाजूला काढायचा. हिशेब मंदिराच्या फळ्यावर लावायचा, नाव मात्र रुग्णाचं लिहायचं नाही. मला वाटतं, ताटात एक लाडू कमी पडला म्हणून पांडुरंग उपाशी राहणार नाही.

आपण प्यालो त्या दुधाचं ऋण फिटत नाही, मायबाप हो. आईचं कोणाचं फिटलंय? पण ते मान्य करता येतं. कोणाच्या तरी आईसाठी कावड उघडली, की तेवढं मान्य केल्यासारखं होतं.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

रामकृष्णहरि.